शिक्षण आणि संस्कार : फेराचे सूत्र कोणाच्या हाती?

कॅरी येथे स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतील मुलींना शाळेखेरीज काय शिकवावे, हा पालकांपुढील नेहमीचा प्रश्न. नृत्य, कराटे, पोहणे यांच्या जोडीला हल्ली ‘कापोएरा’ हे नावही कानी पडते. या ब्राझिली खेळात स्त्रियांचे खास मेळावे शनिवार-रविवार धरून भरविले जातात. मुलींना मुलांबरोबर खेळण्यास मुभा असताना वेगळा मेळावा कशासाठी, अशी शंका कोणासही येईल. तिचे उत्तर या खेळाच्या घडणीतच आहे.

कापोएरा म्हणजे युद्धकला, नृत्य व गायन यांचा संगम. आफ्रिकेतून ब्राझीलमध्ये गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी आणि त्यांच्या वंशजांनी तो घडविला. १८८८ मध्ये तेथील गुलामगिरी संपली. परंतु १८९० च्या दंडसंहितेने कापोएरा हा गुन्हा ठरविला. पुढे १९३२ मध्ये मेस्त्रे बिंबा यांनी साल्वादोर शहरात आपली शाळा उघडली व १९३७ मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली. २०१४ मध्ये युनेस्कोने कापोएराच्या फेराला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात स्थान दिले.

या फेरास ‘रोदा’ म्हणतात. सर्वजण गोलाकार उभे राहून वा बसून गातात, टाळ्या वाजवितात आणि मध्ये दोघे खेळतात. पाहणाऱ्याचे डोळे त्या दोघांवर खिळतात. खेळावर हुकमत मात्र ‘बेरिंबाउ’ची असते. धनुष्यासारख्या काठीला एक तार आणि खाली पोकळ भोपळा, असे हे वाद्य. त्यातील खर्जाच्या स्वराचे ‘गुंगा’ बहुधा प्रमुखाच्या हाती असते. तो खेळ आरंभतो, गती ठरवितो आणि खेळाडूंना परत बोलावितो.

स्त्रिया फेरात आल्या, तरी गुंगा, मुख्य गायन व गुरुपद दीर्घकाळ बहुतांशी पुरुषांकडेच राहिले. म्हणूनच अशा मेळाव्यांत स्त्रिया शिकवितात, वाद्ये धरतात आणि फेर चालवितात. इतिहासकार मेस्त्रा जांजा यांनी १९९५ मध्ये साव पावलो येथे स्थापिलेल्या संघाला पोर्तुगीजांशी झुंजलेल्या अंगोलाच्या राणी न्झिंगा हिचे नाव दिले, ते याच जाणिवेने. अमेरिकेतही मेस्त्रा स्वेली यांच्यासारख्या स्त्रियांनी गुरुपद मिळविले आहे.

आपल्याला हे परके वाटू नये. झिम्मा-फुगडीत गाणेही बायकांचे आणि फेरही बायकांचाच. तेथे कोणाची परवानगी लागत नाही. पण ढोल-ताशाच्या पथकात मुलीच्या कमरेला ढोल बांधला जाण्यास बराच काळ जावा लागला. नाचण्यास मज्जाव नव्हता. ठेका धरण्यास होता.

शिक्षिका होण्याचे प्रशिक्षण घेताना एक गोष्ट मनावर ठसविली जाई : जो दुसऱ्यास शिकवितो, त्याचेच शिकणे पक्के होते. वर्गात नीट बसणारी मुलगी आज्ञाधारक होईल. वर्गापुढे उभी राहून पाठ घेणारी मुलगी आत्मविश्वास कमावील.

तेव्हा पालकहो, कोणत्याही वर्गात मुलीचे नाव घालताना तिचा पाय किती उंच जातो एवढेच पाहू नका. तेथे वाद्य तिच्या हाती येते काय, लहानांना शिकविण्याची पाळी तिला मिळते काय, हेही विचारा. शब्बाथमुळे शनिवारी मेळाव्यास जाता आले नाही, तर रविवारी जरूर जावे. मुलीला बरोबर न्यावे, आणि मुलालाही. गुंगा स्त्रीच्या हाती असताना टाळी कशी धरावी, हे त्यालाही शिकावयाचे आहे.