गाळा घेण्याआधी वकील गाठा!

आमचा तरुण आता नोकरीच्या कॉलची वाट पाहत बसत नाही. कुणी मोबाईल दुरुस्तीचे दुकान टाकतो, कुणी झेरॉक्सचे, कुणी खानावळ चालवतो. ही आनंदाची गोष्ट आहे. पण भांडवल येते कुठून? बँकेच्या कर्जातून, आईच्या दागिन्यांतून, बापाच्या फंडातून. आणि त्यातले बरेचसे जाते कुठे? गाळ्याच्या डिपॉझिटमध्ये आणि फर्निचरमध्ये! धंदा जरा बसला की मालक दारात उभा राहतो. 'अकरा महिने झाले, गाळा खाली करा.' कागद शोधावा तर साध्या स्टॅम्पपेपरवरचा, न नोंदवलेला. भाड्याची पावती एकही नाही. ही एकाची कहाणी नाही, वस्तीवस्तीची आहे.

जागेचा प्रश्न आम्हाला नवा नाही. १९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. त्याच बाबासाहेबांनी पुढे १९२५ ते १९२८ या काळात मुंबईच्या बाटलीबॉय संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. मग त्यांच्या लेकरांनी न वाचता सही का करावी?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ काय सांगतो ते पाहा. कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही समजूत आपल्या राज्यात चुकीची आहे. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. भाडे थकले तरी लेखी नोटीस देऊन ९० दिवस उलटल्याशिवाय मालकाला त्या कारणासाठी दावा लावता येत नाही. भाडेकरूचे पाणी, वीज तोडून त्याला हुसकावताही येत नाही.

मात्र इथेच मेख आहे. हे संरक्षण भाडेकरूला आहे. कागदावर 'लायसन्स' लिहिले, की मुदत संपल्यावर त्या संरक्षणाचा आधार उरत नाही. एका शब्दाने माणूस रस्त्यावर येतो! म्हणून मुदत किती, मुदतीआधी कोण करार मोडू शकतो, डिपॉझिट कधी परत मिळणार, फर्निचरच्या खर्चाचे काय, हे सही करण्याआधी विचारायचे असते. दुकान उभे राहिल्यावर नाही.

वकिलाची फी परवडत नाही, असे आमचे बांधव म्हणतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे कलम १२ त्यांनी वाचावे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला दावा लावायचा असो वा लढवायचा असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही! दाव्यात सकृतदर्शनी तथ्य मात्र हवे. कायद्यातल्या विधी सेवेच्या व्याख्येत सल्लाही येतो. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांचाही समावेश झाला आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला प्राधिकरण असते. ही भीक नाही, हक्क आहे. पण मागायला गेले कोण?

आमच्या समाजात आज वकिलांची वाण नाही. जयंतीच्या मंचावर भाषण करणाऱ्या वकीलबांधवांना आमचे एवढेच सांगणे आहे. महिन्यातला एक रविवार बुद्धविहारात बसा. तरुणांचे करारनामे वाचा, त्यांना नोंदणी कार्यालयात घेऊन जा, विधी सेवेचा अर्ज भरून द्या. आणि तरुणांनो, दुकानाच्या उद्घाटनाला पुढारी नंतर बोलवा, करार वाचायला वकील आधी बोलवा! 'शिका' या आदेशात करारनामा वाचायला शिकणेही येते.

जयभीम!