माहेरची जमीन आणि नवऱ्याचं कर्ज

नवऱ्याचा धंदा बसला, वसुलीची माणसं दारात आली की घरातल्या बाईच्या तोंडचं पाणी पळतं. वडिलांकडून आलेली एकरभर जमीनही आता जाणार, असं ती धरूनच चालते. तसं मुळीच नाही.

हिंदू वारसा कायद्याच्या, म्हणजे १९५६ सालच्या कायद्याच्या, कलम १४ नुसार वारशाने आलेल्या मिळकतीची ती पूर्ण मालकीण असते. एवढंच नव्हे, ती मृत्युपत्र न करता गेली आणि मागे मुलं-नातवंडं नसतील, तर आईवडिलांकडून आलेली मिळकत नवऱ्याला मिळत नाही. ती वडिलांच्या वारसांकडे परत जाते. जे नवऱ्यालाच मिळत नाही, त्यावर त्याचा सावकार कसा हक्क सांगणार?

मग जमिनी जातात कशा? सहीने. पतसंस्थेच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा असतो, जागोजागी पेन्सिलीच्या फुल्या असतात. "वहिनी, इथे करा फक्त, फॉर्मॅलिटी आहे." वहिनी नवऱ्याकडे बघतात, तो मान हलवतो. त्या क्षणी त्या जामीनदार किंवा सहकर्जदार होतात. करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हप्ते थकले की पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला मिळवते आणि त्यात जामीनदाराचंही नाव असतं. जमीन तारण दिली असेल, तर सातबाऱ्याच्या 'इतर हक्कां'त बोजा चढलेलाच असतो.

सावकाराचीही एक बाजू खरी आहे. देणं बुडवण्यासाठी नवऱ्याने स्वतःची मिळकत बायकोच्या नावावर केली, तर कोर्ट तो व्यवहार रद्द ठरवू शकतं, आणि ते योग्यच आहे. पण माहेरचा वाटा ही पळवाट नव्हे. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क मिळाला. भावांशी वाईटपणा घेऊन, हक्कसोड पत्राला नकार देऊन कित्येकींनी तो पदरात पाडून घेतला आहे. असा हक्क एका न वाचलेल्या कागदावर घालवू नये.

म्हणून बायांनो, सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा: मी यात कोण आहे, रक्कम किती आणि माझी कोणती मिळकत तारण लागते आहे? कागदाची प्रत मागून घ्या, घरी आणून वाचा, वकिलाला दाखवा. नवऱ्याला मदत जरूर करा; पण ती समजून-उमजून, स्वतःच्या मर्जीने करा. नको वाटलं, तर 'नाही' म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.