परवडणारे, पण कोणाला?

आमच्या व्याकरणाच्या गुरुजींनी छडी उगारून शिकवलेली एक गोष्ट मी अजून विसरलेलो नाही. 'परवडणे' हे क्रियापद एकटं उभं राहत नाही, त्याला माणूस लागतो. मला परवडते, तुला परवडते, फार तर त्याला परवडते. हल्ली जाहिरातींत मात्र नुसतंच 'परवडणारी घरे' असं छापतात. कोणाला, ते कोणी सांगत नाही.

मागच्या रविवारी भाच्याबरोबर बदलापूरला असंच एक परवडणारं घर बघायला गेलो. भाच्याचं लग्न ठरून दोन वर्षं झाली. घर ठरत नाही म्हणून अक्षता खोळंबल्यात. तिथला टायवाला तरुण म्हणाला, "काका, स्टेशनपासून दहा मिनिटं!" आम्हाला रिक्षाने पंचवीस लागली होती. बेडरूममध्ये पलंग मावत होता. पण मग कपाट उघडायला पलंगावर चढावं लागलं असतं. किंमत ४५ लाख.

"सरकारी व्याख्येतलं परवडणारं घर आहे, काका!"

खोटं नव्हे. २०१९ पासून मुंबई परिसरात ६० चौरस मीटर आणि ४५ लाखांपर्यंतचं बांधकाम चालू असलेलं घर 'परवडणारं' धरून त्यावर जीएसटी ५ ऐवजी १ टक्का लावतात. आता सरकारचंच दुसरं टेबल पाहा. २०२२ साली म्हाडाच्या उत्पन्न-मर्यादा बदलल्या. त्याप्रमाणे इथे ज्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत, ते 'अत्यल्प उत्पन्न गटा'तलं. म्हणजे महिना ५० हजार मिळवणारा आमचा भाचा एका टेबलावर अत्यल्प, आणि दुसऱ्या टेबलावरचं परवडणारं घर ४५ लाखांचं! या दोन टेबलांमध्ये एखादा शिपाई फिरवला असता तरी पुरलं असतं.

हिशेब मांडू. बँक देणार ८० टक्के, म्हणजे ३६ लाख. उरलेले ९ लाख खिशातून, म्हणजे १८ महिन्यांचा अख्खा पगार, तोही न जेवता. मुद्रांक शुल्क वेगळंच. ३६ लाखांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी, २० वर्षांसाठी, महिना ३१ हजारांच्या वर. राहिलेल्या जेमतेम १९ हजारांत रेल्वेचा पास, वाणी, दूध, सोसायटी आणि नवा संसार.

"मग सोडतीत नंबर लावा," असं लोक सांगतात. लावला की! २०२३ साली म्हाडाच्या मुंबईतल्या सोडतीत घरं होती ४,०८२ आणि अर्जांचा आकडा सव्वा लाखाच्या घरात. आकड्याला घर मिळालं, अर्जदार बाहेरच.

माझं म्हणणं एवढंच, की घर परवडणारं आहे की नाही हे बिल्डरला विचारून ठरवू नका, पगाराला विचारून ठरवा. ज्याला तुम्हीच अत्यल्प म्हणता, त्याचा हप्ता भरून पोट भरेल अशा घरालाच ते विशेषण लावा आणि करसवलतही त्यालाच द्या.

तेवढं जमत नसेल, तर निदान जाहिरातीत पूर्ण वाक्य छापा : 'ही घरे परवडतात, आम्हाला!' भाच्याचं लग्न त्यानं लागणार नाही. पण गुरुजी व्याकरणाचे मार्क तरी देतील.