सातव्या वर्षाच्या आधी

पालकहो, मूल सात वर्षांचे झाले की त्याला नमाजची ताकीद द्यावी, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. मग तीन ते सहा या वयात काय करावे? काही घरांत ‘अजून लहान आहे’ म्हणून सोडून देतात, तर काही घरांत ‘अल्लाह शिक्षा करील’ अशी भीती घालतात. भीतीने मूल गप्प बसते. पण अल्लाहची पहिली ओळखच धाकाची झाली, तर प्रेम कुठून यावे?

या वयात मूल कानांपेक्षा हातांनी जास्त शिकते. हजरत उमर बिन अबी सलमा (रजि.) लहानपणी जेवताना ताटात सगळीकडे हात फिरवीत. प्रेषितांनी (स.) त्यांना जेवतानाच समजावले, की बिस्मिल्लाह म्हणावे, उजव्या हाताने व आपल्या समोरचे खावे. बस्स, एवढेच.

आपणही असेच करावे. वुजूसाठी मुलाला छोटा तांब्या द्या. पाणी सांडले तर पुसायला फडके त्याच्याच हाती द्या. दस्तरखानावर खजूर त्याला वाटू द्या. शेवटचा त्याने स्वतः घ्यावा. शेजारी वाटी पोचवताना त्याला बरोबर न्या.

आणि एक पथ्य पाळा. एका मातेने ‘ये, काही देते’ म्हणून मुलाला बोलावले, तेव्हा प्रेषितांनी (स.) विचारले, काय देणार? ती म्हणाली, खजूर. दिला नसता तर ते खोटे ठरले असते, असे त्यांनी बजावले. मुलाला दिलेला शब्दही शब्दच असतो.