पूर आणि पुरवठा

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी म्हणजे गाइड पाठ करून काढलेला एक पेपर. त्यामुळे शुद्धलेखनावर मी लेख लिहितेय हे मामाला कळलं तर तो हसून हसून खुर्चीवरून पडेल.

या मामाचं शहापूरला एसटी स्टँडजवळ डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे. सुट्टीत मी तिथे बसते. गेल्या वर्षी मुरबाडच्या एका शाळेचं काम आलं. २००४ सालची स्मरणिका, नव्वद पानं, श्री-लिपीत टाइप केलेली. ती युनिकोडमध्ये करून हवी होती. मामाने फुकटचा कन्व्हर्टर चालवला आणि म्हणाला, "आता तू बस हे निस्तरत." उघडून बघते तर 'स्थिती'चं झालेलं 'सि्थती', 'अस्तित्व'चं 'असि्तत्व'. नव्वद पानं!

हे का होतं ते आपल्याला कोणत्याच विषयात शिकवत नाहीत. जुन्या फॉन्टमध्ये अक्षर साठवलेलं नसतं, त्याचं चित्र साठवलेलं असतं. पहिली वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो, म्हणून ती फाइलमध्येही आधी येते. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे नंतर येते. कन्व्हर्टर बिचारा वेलांटी उचलतो आणि एक अक्षर ओलांडून ठेवतो. जोडाक्षर आलं की ती मध्येच अडकते.

मामा एकेक शब्द हाताने दुरुस्त करतो. गेली वीस वर्षं! मी म्हटलं, मॅक्रो लिहू. वेलांटीच्या लगेच पुढे हलन्त आला, तर वेलांटी उचलून पुढच्या अक्षरामागे ठेव, एवढीच गोष्ट. पण वर्डच्या मॅक्रोच्या खिडकीत मराठी टाकलं की नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. तिथे अक्षराऐवजी त्याचा नंबर द्यावा लागतो. पहिली वेलांटी २३६७, हलन्त २३८१, विसर्ग २३०७. हे नंबर आता मला माझ्या रोल नंबरसारखे पाठ आहेत. 'स्त्रिया'सारख्या शब्दाला तोच मॅक्रो दोनदा चालवावा लागतो, कारण एका फेरीत वेलांटी एकच घर पुढे सरकते. संध्याकाळपर्यंत स्मरणिका स्वच्छ. मामाने वडापाव मागवला.

इथे माझ्या डोक्यात हवा गेली.

दुसऱ्या दिवशी एका पाड्यावरचे काका टँकरच्या मागणीचा अर्ज घेऊन आले. आमच्या तालुक्याची गंमत तुम्हाला माहीत असेलच. १८९२ मध्ये बांधलेलं तानसा आमच्याकडे, भातसा आमच्याकडे, पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर. अर्ज दर वर्षी तोच, फक्त साल बदलायचं. मला फाइलमध्ये 'शहापुर' दिसलं. 'शहापूर' हवं एवढं मलाही माहीत होतं. फाइंडमध्ये 'पुर', रिप्लेसमध्ये 'पूर', रिप्लेस ऑल. कालच्या मॅक्रोला ही ओळसुद्धा जोडून टाकली, पुढच्या वेळी त्रास नको म्हणून.

काकांनी प्रिंट हातात घेतली, चष्मा लावला आणि शांतपणे म्हणाले, "ताई, हे 'पाणीपूरवठा' काय आहे? आमच्याकडे पूर कधी आला?"

खाली 'पुरुष' आणि 'स्त्रिया' असे रकाने होते. तिथे 'पूरुष'. हे कमी म्हणून मी पाड्यांच्या नावांतही ह्रस्व-दीर्घ 'सुधारले' होते. काका एकदम गंभीर झाले. "नावाला हात लावू नका. गेल्या वर्षीच्या यादीत जसं आहे तसंच पाहिजे. नाव जुळलं नाही तर कागद परत येतो, आणि कागद परत आला तर टँकर आठ दिवस पुढे." मी तोंड पाडून जुनी फाइल पुन्हा उघडली.

त्या रात्री मामाने मराठी साहित्य महामंडळाचे १८ नियम माझ्यापुढे ठेवले. शहापूर, पण शहापुरात. भरपूर, पण मधुर आणि चतुर संस्कृतातले म्हणून ह्रस्वच. 'नूपुर'सुद्धा ह्रस्व. (वर्गात एक तरी नूपुर असतेच, तिला विचारा.) म्हणजे शब्दाच्या शेवटचा 'पुर' तेवढा बदलीन म्हटलं तरी सुटका नाही.

माझं मत तेव्हा पक्कं झालं. वेलांटीच्या पुढे हलन्त मराठीत कधीच बरोबर असू शकत नाही, म्हणून ते डोळे झाकून मशीनवर सोडावं. 'दु:ख'मध्ये विसर्गाच्या जागी टाकलेला कोलनही तसाच, दोन अक्षरांच्या मध्ये चिकटून बसलेला कोलन चूकच. पण 'स्वत:' आणि 'नाव:' यांत शेवटचा कोलन कुठे विसर्ग आहे आणि कुठे खरंच कोलन, हे वाचणाऱ्यालाच कळतं. तिथे मॅक्रोने फक्त पिवळा रंग द्यावा आणि गप्प बसावं.

आता कोणी म्हणेल, एवढं कशाला, एआयला दे की! दिलं होतं. त्याने अर्ज छान केला, आणि न विचारता एक वाक्यही 'छान' केलं. माझ्या मॅक्रोने चूक केली ती मी सांगितलेली चूक होती. ती मला सापडली आणि एक ओळ पुसून गेली.

आपल्याकडे दर वर्षी चेहरा ओळखून हजेरी लावणारे चार तरी प्रोजेक्ट होतात. (हजेरी तरीही कागदावरच!) शहापूर-मुरबाडच्या प्रत्येक डीटीपीवाल्याकडे जुन्या फॉन्टमधल्या फायली पडल्यात, त्यांच्यासाठी पंधरा ओळी लिहायला कोणी तयार नाही. गाइड सर म्हणतात, यात 'नॉव्हेल्टी' काय? सर, नॉव्हेल्टी नाही. मामाचे रोजचे दोन तास वाचतात.

माझ्या मॅक्रोत आता चार कामं आहेत: वेलांटी, मधला कोलन, दुहेरी स्पेस, आणि शंका असेल तिथे पिवळा रंग. 'पुर'ची ओळ काढली. नावांची यादी असली की मामा ते पान वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो आणि काकांसमोर मोठ्याने वाचून दाखवतो. कोणाला हवा असेल तर तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये पेनड्राइव्ह घेऊन या. व्हायरस नसलेला आणा, प्लीज.

(तृतीय वर्ष, संगणक)