काळीज, कलेजी आणि काढा

पुण्यातल्या धायरी फाट्याकडे सकाळी सहाला चालायला निघालं की वाटेत रसवाल्याचं टेबल लागतं. स्टीलच्या उभ्या डब्यांवर चिकटपट्टीनं नावं लावलेली: कारलं, दुधी, आवळा, गव्हांकुर, गुळवेल. मागच्या फ्लेक्सवर मधुमेह आणि सांधेदुखीच्या रांगेत ‘लिव्हर साफ’ हेही आहेच. गिऱ्हाईक नाक दाबून ग्लास रिकामा करतं, क्यूआर कोडपुढे मोबाइल धरतं, आणि ग्लास टेबलाखालच्या बादलीत जातो. बादली तीच, पाणीही तेच. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या याच पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण निघाले, संशय पाण्यावर गेला, तेव्हा घरोघर पाणी उकळून पीत होते. हिपॅटायटिस ए आणि ई या काविळीही अशाच पाण्यातून येतात. म्हणजे लिव्हर साफ करणारा रस आणि लिव्हर बिघडवू शकणारं पाणी, दोन्ही एकाच ग्लासातून.

रसवाल्यावर आमचा राग नाही. राग आहे तो श्रेयाच्या हिशेबावर.

कावीळ ‘उतरवणारे’ आपल्याकडे गावोगाव आहेत. ठरलेला वार, अनशापोटी जायचं, कुठं नाकात थेंब, कुठं चुन्याच्या पाण्यात हात. पाणी पिवळं झालं की सोबतचे म्हणतात, बघा, उतरली. आंब्याच्या सालीचा रस चोळून धडधाकट माणसाचे हात चुन्याच्या पाण्यात धुतले तरी ते पिवळंच होतं. पण रुग्ण बरा होतो, हे खोटं नाही. होतो, कारण ए आणि ई या काविळी बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपसूक ओसरतात. (गरोदर बाईला ई झाली तर मात्र जिवावर बेतू शकतं.) मेलेल्या पेशींच्या जागी यकृत नव्या पेशी उभ्या करतं. काम यकृताचं, पावती उतरवणाऱ्याच्या नावे.

मराठीनंही या अवयवाला नीट वागवलेलं नाही. काळीज हा शब्द मुळात यकृताचा. मटणाच्या दुकानात तो अजून प्रामाणिक आहे. कलेजी मागितली तर तिथं कोणी हृदय बांधून देत नाही. बोलण्यात मात्र काळीज तुटतं, फाटतं, पिळवटतं ते छातीत. तुटल्यावर पुन्हा भरून येण्याची ताकद नेमकी छातीतल्याकडे नाही, बरगड्यांच्या आड उजवीकडे पडून असलेल्याकडे आहे. १९३१ साली हिगिन्स आणि अँडरसन या संशोधकांनी उंदरांच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग काढून टाकला आणि उरलेलं कसं भरतं ते मोजलं. त्यांची ती पद्धत प्रयोगशाळांत आजही चालते. कापलेला तुकडा पालीच्या शेपटीसारखा परत फुटत नाही. राहिलेला भागच वाढून कसर भरून काढतो. याच भरवशावर आई लेकराला यकृताचा भाग देऊ शकते.

आईला एचआयव्ही असला तर? जोहान्सबर्गच्या डॉक्टरांपुढे २०१७ मध्ये हाच प्रश्न आला. मूल यकृताविना दगावणार होतं, दुसरा दाता मिळेना. मुलाला आधीच एचआयव्हीची औषधं सुरू करून त्यांनी आईच्या यकृताचा भाग बसवला. मूल वाचलं. ‘काळजाचा तुकडा’ हे शब्द आपण मायेनं वापरतो. तिथं ते शब्दशः घडलं.

पण अशी गोष्ट वाचून यकृताच्या चिवटपणावर विसंबायचं नसतं. १ एप्रिल २००४ पासून सरकारनं एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी, औषधं मोफत द्यायला सुरुवात केली, माणसं जगली, पोरांची लग्नं लावून मोकळी झाली. मरणाचं कारण मात्र जागा बदलत गेलं. युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या २३ हजारांहून अधिक एचआयव्हीबाधितांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या मृत्यूंपैकी १४.५ टक्के यकृताच्या विकारांनी झालेले होते. एड्स सोडला तर तेच सर्वांत मोठं कारण. यकृतावर मारा तसा चहूबाजूंनी असतो. हिपॅटायटिस बी आणि सी रक्ताच्या, सुईच्या, शरीरसंबंधाच्या त्याच वाटांनी येतात. एचआयव्हीमुळे आतड्याचं अस्तर झिरपू लागतं आणि जंतूंचे अवशेष थेट यकृताकडे जाणाऱ्या शिरेत उतरतात. टीबी झाली तर तिची औषधं यकृताला जड. सुरुवातीच्या एआरटीतलं नेविरापिन तर याबाबत बदनामच होतं.

सततच्या दाहानं यकृतात व्रणाचे धागे साठतात. पेशी वाढायच्या थांबत नाहीत, पण गाठीगाठींनी वाढतात, आणि मधल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. याला सिरॉसिस म्हणतात. धायरीकरांना हे समजायला सूक्ष्मदर्शक नको. २०१७ मध्ये गाव महापालिकेत आलं; इमारती त्याआधीही उठत होत्या, नंतरही उठल्या. वाढ म्हणाल तर भरपूर. फक्त संध्याकाळी फाट्यावरून आत शिरून दाखवा.

आता मुद्द्याचं. एआरटीच्या एकत्र गोळीतली टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन ही दोन औषधं एचआयव्हीबरोबर हिपॅटायटिस बीलाही दाबून ठेवतात. ज्याला दोन्ही विषाणूंची लागण आहे त्याचं यकृत त्या गोळीच्या पहाऱ्यात सावरत असतं. भूक लागते, अंगावर मांस चढतं. श्रेय मात्र जातं काढ्याला, कारण काढा चारचौघांत पिता येतो. गोळी लपून घ्यायची असते. डबी घरी येईस्तोवर लेबल खरवडलेलं, गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत ओतलेल्या, कपाटात वाजू नयेत म्हणून वर कापसाचा बोळा. जी गोष्ट आहे हेच कबूल करायचं नाही, तिचे गुण कोण गाणार? मग एखाद्या दिवशी वाटतं, काढ्यानं एवढं बरं वाटतंय तर गोळी कशाला. गोळी सुटते, आणि दबलेला बी उसळतो. एचआयव्हीही रक्तात पुन्हा वाढू लागतो, पण त्याचा आजार दिसायला वेळ लागतो. बीची उसळी कधी कधी काही आठवड्यांत येते आणि यकृत बसवते. ही कावीळ उतरवून उतरत नाही.

काढाही दरवेळी निरुपद्रवी नसतो. करोनाच्या पहिल्या वर्षात घरोघर गुळवेल उकळली गेली. मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या, यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं ती मान्य केली नाही. वाद तज्ज्ञांनी खुशाल घालावा. ज्याचं यकृत आधीच झिजलंय त्यानं मात्र त्याचा निकाल स्वतःच्या पोटात लावू नये.

पुणं या बाबतीत गरीब नाही. भोसरीत १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावानं सुरू झालेली संस्था आहे, हिपॅटायटिस ईवर वर्षानुवर्षं काम केलेली राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था आहे, विद्यापीठाच्या आवारात पेशीविज्ञानाचं राष्ट्रीय केंद्र आहे. तिथं पेशी कशा मरतात नि वाढतात हे शोधणारी माणसं आहेत. आमचं मागणं त्या मानानं फारच किरकोळ आहे. एआरटी सेंटरच्या टेबलावर आणि धायरीतल्या दवाखान्यातही एक प्रश्न ठरून विचारला जातो, ‘दुसरं काही औषध घेता का?’ उत्तर येतं, ‘नाही.’ माणूस खोटं बोलत नसतो. काढा त्याच्या हिशेबी औषधात मोडतच नाही, तो घरचा. तेव्हा प्रश्न नाव घेऊन विचारावा. गुळवेल घेता का? सकाळी फिरायला गेल्यावर कुठला रस? कोणी पुडी दिली आहे? कावीळ कधी उतरवून घेतली होती? आणि बीची तपासणी झाली आहे का, कागद दाखवा.