मंगळाच्या मातीत उणे काय?

अपोलो मोहिमांतील अंतराळवीरांनी १९६९ ते १९७२ या काळात चंद्रावरून सुमारे ३८२ किलो खडक आणि माती पृथ्वीवर आणली. त्यातील काही माती पेरणीसाठी मिळावी म्हणून फ्लोरिडा विद्यापीठाचे ॲना-लिसा पॉल आणि रॉबर्ट फर्ल यांनी ११ वर्षांत तीन वेळा अर्ज केले. अखेर त्यांच्या पदरात पडली अवघी १२ ग्रॅम माती! एका रोपाला एक ग्रॅम या हिशेबाने त्यांनी मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस ही वनस्पती लावली. बिया रुजल्या आणि मे २०२२ मध्ये ही बातमी जगभर झळकली. चंद्रावर शेती होणार, असे मथळेही लगोलग सजले.

मथळ्यांखालचा मजकूर मात्र एवढा आशादायी नव्हता. पहिले काही दिवस सर्व रोपे सारखीच दिसली. सहाव्या दिवसानंतर चंद्राच्या मातीतील रोपांची वाढ मंदावली, मुळे खुरटली, काहींच्या पानांवर तांबूस छटा आली. विसाव्या दिवशी त्यांच्या जनुकांची तपासणी झाली, तेव्हा खारट किंवा धातुयुक्त जमिनीत सापडलेल्या वनस्पतीप्रमाणे ही रोपे झगडत असल्याचे दिसून आले. रोप उगवणे वेगळे आणि पीक हाती येणे वेगळे, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

ही झाली चंद्राची गोष्ट. मंगळाची तर चिमूटभर मातीही अद्याप कोणी पृथ्वीवर आणलेली नाही. 'पर्सिव्हरन्स' ही बग्गी २०२१ पासून तेथे नमुने गोळा करीत आहे, पण ते अजून मंगळावरच आहेत. त्यामुळे 'मंगळाच्या मातीत' पिकवलेल्या भाज्यांच्या बातम्या वाचताना ती माती नक्कल असते, हे ध्यानात ठेवावे लागते. नेदरलँड्समधील वाखेनिंगेन विद्यापीठात वीगर वामेलिंक यांनी २०१३ पासून असे प्रयोग केले. त्यांची 'मंगळमाती' हवाईच्या ज्वालामुखी परिसरातून आलेली होती. तीत कापलेले गवत मिसळल्यावर टोमॅटो, मुळा, राय, वाटाणा अशी पिके आली. पालकाने मात्र दाद दिली नाही. पुढे २०१७ मध्ये डुकरांचे शेणखत घातलेल्या याच मातीत गांडुळांची पिल्लेही जन्मली.

नकलेत नसलेली एक गोष्ट मात्र खऱ्या मंगळावर आहे. 'फिनिक्स' यान २००८ मध्ये मंगळाच्या उत्तर ध्रुवाजवळ उतरले, तेव्हा तेथील मातीत वजनाच्या सुमारे अर्धा टक्का पर्क्लोरेट क्षार आढळले. हे क्षार माणसाच्या थायरॉइड ग्रंथीला आयोडीन मिळू देत नाहीत आणि पानांत साठू शकतात. म्हणजे पीक जोमदार आले तरी ते खाण्याजोगे असेलच, असे नाही. शिवाय तेथे सूर्यप्रकाश पृथ्वीच्या निम्म्याहून कमी आणि हवेचा दाब एक टक्क्याहूनही कमी. शेती करायची तर ती बंदिस्त, उबदार घरातच करावी लागेल.

महाराष्ट्राच्या वाचकाला या प्रश्नाचे मर्म चटकन कळावे. मंगळाचा पृष्ठभाग बराचसा बेसाल्टचा आहे आणि आपले दख्खनचे पठारही बेसाल्टचेच. म्हणूनच बेसाल्टमध्ये उल्कापाताने तयार झालेले बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर ग्रहशास्त्रज्ञांना मोलाचे वाटते. याच खडकातून आपली कापसाची काळी कसदार जमीन तयार झाली. मग मंगळावर नुसती भुकटी का? कारण खडकाची माती होण्यासाठी पाणी, काळ आणि त्यांच्या जोडीला सजीव लागतात. जिवाणू, बुरशी, गांडुळे, कुजलेला पालापाचोळा यांनी मुरमाची माती होते. मंगळावर जे आहे त्याला माती म्हणणे हे सौजन्यच म्हटले पाहिजे.

टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला हरभऱ्याचा प्रयोग हेच सांगतो. चंद्रमातीच्या नकलेत गांडूळखत आणि मुळांशी सहजीवन करणारी बुरशी मिसळल्यावर हरभऱ्याला दाणे आले. निव्वळ नकली मातीतली झाडे मात्र फुलोऱ्यापूर्वीच मेली. निष्कर्ष उघड आहे: परग्रहावर शेती करायची तर पृथ्वीची जिवंत माती, थोडी का होईना, सोबत न्यावी लागेल.

आणि इथेच एक नैतिक पेच उभा राहतो. परग्रहांचे शोधकार्य करताना ते घातक रीतीने दूषित होऊ नयेत, असे १९६७ चा आंतरराष्ट्रीय अंतराळ करार सांगतो. मंगळावर कधीकाळी जीवसृष्टी होती का, या प्रश्नाचे उत्तर मिळण्याआधीच आपण तेथे शेणखत आणि जिवाणू नेऊन टाकले, तर ते उत्तर कदाचित कायमचे हरवेल. शेतीची घाई करणाऱ्यांनी याचाही विचार करायला हवा.

मग हे प्रयोग निरर्थक आहेत काय? मुळीच नाही. क्षारपड, धातूंनी दूषित वा निकस जमिनीत पीक कसे तगते, याची जनुकीय पातळीवरची माहिती त्यातून मिळते आणि ती पृथ्वीवरच्या शेतीलाही उपयोगी पडणारी आहे. पण त्यांचा सर्वांत मोठा धडा वेगळाच आहे. मृत भुकटीत प्राण फुंकण्यासाठी जो सेंद्रिय कर्ब आणि जी जिवाणूसृष्टी तेथे न्यावी लागेल, तीच आपल्या शेतांतून घटत असल्याची चिंता कृषिशास्त्रज्ञ वर्षानुवर्षे व्यक्त करीत आहेत. बेसुमार पाणी आणि असंतुलित खते यांनी पश्चिम महाराष्ट्रातील उसाच्या कित्येक जमिनी क्षारपड झाल्या आहेत. मंगळाच्या भुकटीची माती करायला किती सायास पडतात, हे प्रयोगशाळेत दिसू लागले असताना आपण येथल्या मातीची भुकटी करीत राहणे, हा शहाणपणा म्हणता येणार नाही.